न फिरणाऱ्या चाकांची गाडी

२००८ साली ब्राउझरमध्ये खेळायचा एक खेळ जगभर पसरला. नाव फँटॅस्टिक कॉन्ट्रॅप्शन, कर्ता कॉलिन नॉर्थवे. नियम अगदी थोडक्यात सांगता येतो. निळ्या चौकटीत आपलं यंत्र बांधायचं, सुरू करायचं आणि गुलाबी तुकडा गुलाबी चौकटीत पोचवायचा. साहित्य पाचच प्रकारचं: घड्याळाच्या दिशेने फिरणारं चाक, उलट फिरणारं चाक, आपणहून न फिरणारं मोकळं चाक, लाकडी दांडी आणि पाण्याची दांडी. लाकडी दांडी समोर येईल त्याला अडायची. पाण्याची दांडी आपल्याच यंत्राच्या भागांतून आरपार जायची, जमिनीला मात्र टेकायची. एवढ्या सामानात लोकांनी गाड्या केल्या, गोफणी केल्या, चालणारे पाय केले, उड्या मारत पुढे जाणारे सांगाडे केले.

या खेळात कोडी दोन होती. एक नॉर्थवेने मांडलेलं, डोळ्यांसमोरचं. दुसरं कुणी मुद्दाम मांडलेलं नव्हतं. पडद्यामागे वजन, घर्षण, टक्कर, सांधे यांचा हिशेब करणारं जे फिजिक्स इंजिन चालू होतं, त्याच्या गणितातच ते दडलेलं होतं. खरं जग आणि इंजिनाने उभं केलेलं जग यांच्यात कुठे ना कुठे फट असते. ती फट शोधायची, तिची वेळ आणि जागा ओळखायची आणि ती आपल्या कामाला जुंपायची, हे दुसरं कोडं. तेव्हा आम्ही अशा फटीला ग्लिच म्हणायचो, आजची मुलंही तेच म्हणतात. त्या फटीशी खेळणाऱ्याचं नातं मात्र या काळात पार बदललं आहे. दोन्ही काळ मी जवळून पाहिले आणि दोन्हींवर माझा जीव आहे, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा मी मेकॅनिकलला होतो, हॉस्टेलवर राहत होतो. आमच्या मजल्यावर एक ब्रॉडबँडची जोडणी होती, वर्गणी काढून घेतलेली. त्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ नेट मोफत असायचं, त्यामुळे आमचा खेळ दोन वाजता सुरू व्हायचा. मेसच्या जेवणानंतर ड्रॉइंग शीट, जर्नल, सबमिशन उरकायचं आणि दोनच्या ठोक्याला एका खोलीत जमायचं. एकाच्या हातात माउस, बाकीचे मागे उभे. "अरे, तो त्रिकोण पूर्ण कर, नाहीतर वाकणार ते." दिवसा ट्रसचं गणित सोडवताना त्रिकोणाचं मोल कळायचं तेवढंच रात्री या खेळात कळायचं, कारण टोकाला टोक जोडलेल्या दांड्या सांध्यात मोकळ्या फिरायच्या आणि त्रिकोण घातल्याशिवाय काहीच ताठ उभं राहायचं नाही.

अशाच एका रात्री सांगलीकडच्या एका मित्राने घड्याळाच्या दिशेचं चाक आणि उलट दिशेचं चाक दांड्यांनी एकमेकांना जखडलं. दोन्ही चाकं फिरू पाहणार आणि दोन्ही एकमेकांना अडवणार, म्हणजे हे यंत्र जागच्या जागी उभं राहणार असा आम्हा सगळ्यांचा हिशेब होता. सुरू केल्यावर ते थरथरायला लागलं आणि थरथरत, एकही चाक न फिरवता, उजवीकडे सरकू लागलं. खोलीत एकदम आरडाओरडा झाला. शेजारच्या खोलीतली मुलं उठून आली. "भावा, हे चालतंय कशावर?" या एका प्रश्नावर आम्ही उजाडेपर्यंत बोलत बसलो. दांडी थोडी आखूड केली की गाडी डावीकडे जायची, एक जोड वाढवला की उडायची. आम्ही वहीत आकृत्या काढून ठेवल्या. केलेलं यंत्र साठवून त्याची लिंक कुणालाही देता यायची. ती ऑर्कुटवर दुसऱ्या कॉलेजच्या मित्रांच्या स्क्रॅपमध्ये टाकली आणि तिकडूनही उत्तरादाखल यंत्रं येऊ लागली.

ही गाडी कशावर चालत होती, ते मला नीट समजलं पुढे काही वर्षांनी, इंजिनाची रचना वाचल्यावर. त्या खेळामागे होतं बॉक्सटूडी. एरिन कॅटो या प्रोग्रामरने २००६ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये दिलेल्या व्याख्यानासाठी एक छोटं प्रात्यक्षिक लिहिलं होतं. त्यातूनच हे इंजिन वाढलं आणि २००७ साली सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. क्रेयॉन फिजिक्स डिलक्समध्ये तेच होतं, अँग्री बर्ड्समध्येही तेच. कोट्यवधी लोक रोज ज्याच्या आधाराने पक्षी भिरकावत होते, त्याचं नाव फारच थोड्यांना माहीत होतं. २०११ साली अँग्री बर्ड्सच्या कंपनीच्या सत्रात श्रोत्यांतून उठून कॅटोने विचारलं की खेळात कोणतं फिजिक्स इंजिन वापरलं आहे. बॉक्सटूडी, असं उत्तर आल्यावर त्याने त्याचं श्रेय खेळात द्याल का असं विचारलं आणि मग ते आपणच लिहिल्याचं सांगितलं.

आता त्या गणिताकडे येऊ. खऱ्या जगात काळ अखंड वाहतो. संगणकाला तो तुकड्यांनी मोजावा लागतो, सेकंदाचे साधारण साठ तुकडे. प्रत्येक तुकड्याला इंजिन सगळ्या वस्तू थोड्या पुढे सरकवतं आणि कोण कुणात घुसलं ते पाहतं. दोन तुकड्यांच्या मधे काय घडलं ते त्याला दिसत नाही. ताशी १०८ किलोमीटर वेगाची वस्तू सेकंदाला ३० मीटर जाते, म्हणजे एका तुकड्यात अर्धा मीटर. समोरची भिंत दहा सेंटिमीटरची असेल तर या तुकड्यात वस्तू भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या तुकड्यात पलीकडे असू शकते. टक्कर झालीच नाही असं इंजिन समजतं. भिंतीतून आरपार जाण्याची जी जादू त्या काळच्या कितीतरी खेळांत सापडायची, तिचं मूळ या एवढ्याशा भागाकारात आहे. याच्यावर उपाय तेव्हाही माहीत होते आणि बॉक्सटूडीतही होते. पण ते महाग पडायचे, म्हणून सगळीकडे वापरले जात नव्हते.

दुसरी फट सांध्यांची. एका यंत्रात वीस सांधे असतील तर प्रत्येक सांधा जागेवर राहिला पाहिजे ही अट एकाच वेळी पाळायला मोठं समीकरण सोडवावं लागतं. तेवढा वेळ खेळाकडे नसतो. म्हणून कॅटोची पद्धत एकेका सांध्याला क्रमाने छोटा धक्का देऊन जागेवर आणते. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीची एक सुरकुती दाबली की शेजारी दुसरी उठते, तसं एक सांधा सारखा करताना दुसरा थोडा हलतो. मग पुन्हा पहिल्यापासून फेरी. बॉक्सटूडीच्या माहितीपुस्तिकेत वेगासाठी आठ आणि जागेसाठी तीन फेऱ्या सुचवल्या होत्या. तेवढ्यात जे जुळलं ते जुळलं, उरलेली चूक पुढच्या तुकड्यावर. आमच्या गाडीत दोन चाकांचा जोर आणि दांड्यांची अट यांचं कधीच जुळत नव्हतं. प्रत्येक तुकड्याला थोडी चूक उरायची, ती दुरुस्त करण्यासाठी इंजिन धक्का द्यायचं आणि तो धक्का जमिनीच्या घर्षणात एका बाजूला जास्त पडायचा. क्रम बदलला की धक्का बदलायचा, म्हणून दांड्या कोणत्या क्रमाने जोडल्या यानेही फरक पडायचा. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही असं आम्ही दिवसा शिकत होतो. रात्री ती उरलेल्या चुकीतून निर्माण होताना पाहत होतो. आणि दोन्ही गोष्टी एकमेकींमुळे जास्त पक्क्या समजत होत्या.

त्या दशकात असे खेळ बरेच होते आणि त्यांपैकी अनेकांमागे एक-दोन माणसंच होती. ॲलेक्स ऑस्टिनचा ब्रिज बिल्डर २००० सालचा. तुळया जोडून पूल करायचा आणि त्यावरून आगगाडी न्यायची. स्लोव्हेनियातल्या बोश्त्यान चादेझ या विद्यार्थ्याने २००६ साली लाइन रायडर केला. आपण रेघ काढायची आणि तिच्यावरून एक छोटा माणूस घसरगाडीने जायचा. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या एमिल एर्नरफेल्टने पदव्युत्तर प्रबंधासाठी फन नावाचं एक खेळकर सिम्युलेशन केलं, त्याचंच पुढे अल्गोडू झालं. आणि २००८मध्येच काइल गेबलर व रॉन कार्मेल यांचा वर्ल्ड ऑफ गू आला, चिकट गोळ्यांचे डुगडुगणारे मनोरे बांधायचा.

यांपैकी लाइन रायडरची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. त्यात प्रत्येक रेघेखाली थोड्या जाडीचा एक अदृश्य पट्टा असायचा. घसरगाडीचा एखादा बिंदू त्या पट्ट्यात शिरला की इंजिन त्याला उचलून रेघेवर ठेवायचं. जोराने आदळलेली गाडी रेघेतून खाली पडू नये म्हणून केलेली ती सोय होती. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की रेघांची टोकं नेमक्या जागी टेकवली तर हे उचलून ठेवणं म्हणजेच धक्का होतो. हवेत असलेल्या गाडीला वळवता येतं, उलटं करता येतं, क्षणात शंभर पावलं फेकता येतं. त्या पट्ट्यांना त्यांनी गुरुत्वाच्या विहिरी म्हटलं आणि त्या विहिरींचं एक पूर्ण व्याकरण तयार केलं. एक रेघ केसभर हलली तरी सगळा मार्ग बिघडायचा, तरीही लोकांनी मिनिटांमागून मिनिटं चालणारे मार्ग काढले, पुढे संगीताच्या तालावर नाचणारे मार्ग काढले. चुकीतून एक कला उभी राहिली. कर्त्याने ती मनात धरली नव्हती, पण तिचा पाया त्याच्याच ओळींत होता.

त्या काळात फट सापडली की ती राहायची. खेळ एकदा प्रसिद्ध झाला की बहुतेक वेळा तसाच असायचा. कर्ता पुढच्या कामाला लागलेला असायचा आणि फट शोधणाऱ्याला तिच्याबरोबर महिनोन्‌महिने काढता यायचे. बातमीही सावकाश पसरायची. आमच्या मजल्यावर सापडलेली युक्ती नाशिकच्या मित्राला आठवड्याने कळायची, आणि तोपर्यंत त्याने स्वतः काहीतरी वेगळंच शोधलेलं असायचं. हा मधला वेळ फार मोलाचा होता. एकच फट दहा ठिकाणी दहा जणांना स्वतंत्रपणे सापडायची आणि प्रत्येकाला ती आपली वाटायची.

बदलाचा काळ मला कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये दिसला. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीचा हा खेळ २०११ साली लोकांच्या हाती आला. सुटे भाग जोडून रॉकेट बांधायचं आणि चंद्रावर, ग्रहांवर न्यायचं. सुरुवातीला दूर गेलेली यानं कारण नसताना थरथरून फुटायची. खेळणाऱ्यांनी त्या अदृश्य संकटाला क्राकेन हे समुद्रराक्षसाचं नाव दिलं. कारण आकड्यांत होतं. ३२ बिटांच्या आकड्यात साधारण सात अंकांपुरतीच अचूकता मावते. मूळ बिंदूपासून १०० किलोमीटरवर दोन शेजारच्या आकड्यांत जवळपास आठ मिलिमीटरचं अंतर पडतं. १०,००० किलोमीटरवर ते पूर्ण एक मीटर होतं. तिथे यानाचे भाग एकमेकांच्या नेमके कुठे आहेत हेच इंजिनाला सांगता येत नाही. मग सांधे ताणले गेल्याचा भास होतो आणि त्यांना जागेवर आणण्याच्या धडपडीत यान फुटतं. कर्त्यांनी यावर सुंदर उपाय काढला: मूळ बिंदू यानापाशीच ठेवायचा आणि यान हलवण्याऐवजी सगळं विश्व त्याच्याभोवती हलवायचं.

राक्षस मेला, पण त्याचे लहान भाऊ राहिले. यानाचा एक भाग दुसऱ्या भागावर दाबला तर काही वेळा धक्का एकीकडेच मिळायचा, उलट धक्का मिळायचाच नाही. न्यूटनचा तिसरा नियम तेवढ्या जागी लागू नव्हता. खेळणाऱ्यांनी त्यावर इंधनाशिवाय चालणारी इंजिनं बांधली आणि त्यांना क्राकेनचंच नाव दिलं. विमानाचे पंख भराभर हलवून इंधनाशिवाय उडत राहण्याची दुसरी एक युक्ती होती. २०१५ साली १.० आवृत्तीत हवेचं गणित नव्याने लिहिलं गेलं तेव्हा ती गेली. कर्त्यांनी मात्र या सगळ्याची आठवण प्रेमाने ठेवली. खेळातल्या बॉप नावाच्या छोट्या चंद्रावर एक मेलेला क्राकेन पडलेला आहे. खेळणारा आणि करणारा एकमेकांकडे इतक्या आपुलकीने पाहत होते, याची ती खूण मला फार आवडते.

आता आजचं पाहू. माझी भाची दहावीत आहे आणि पूल बांधायचे खेळ खेळते. न्यूझीलंडच्या ड्राय कॅक्टस कंपनीचा पॉली ब्रिज २०१६चा, दुसरा भाग २०२०चा, तिसरा २०२३चा. दुसऱ्या भागासाठी त्यांनी स्वतःचं इंजिन लिहिलं, खास पुलांसाठी. तोच पूल कितीही वेळा चालवला तरी तेच घडावं हा त्यामागचा हेतू. आमच्या काळी एकच यंत्र एका संगणकावर जिंकायचं आणि दुसऱ्यावर कोसळायचं असं अनेक खेळांत घडायचं. आज सर्वांत स्वस्त पूल कुणाचा याची जागतिक यादी असते. न तुटता उभ्या राहिलेल्या पुलांची यादी वेगळी आणि कसंही करून गाडी पलीकडे नेणाऱ्यांची वेगळी. दोन्ही कौशल्यांना मान आहे, आणि कोण कशात पुढे आहे ते उघड आहे. फट शोधणाऱ्याला स्वतःचं दालन मिळालं, ही माझ्या मते आजच्या काळाची मोठी देणगी आहे.

इंजिनंही सुधारली. बॉक्सटूडीची तिसरी मोठी आवृत्ती २०२४ साली आली. एरिन कॅटोने गणित नव्याने मांडलं. एकाच तुकड्यात फेऱ्यांमागून फेऱ्या मारण्याऐवजी त्या तुकड्याचेच आणखी बारीक तुकडे करायचे, आणि सांध्यांना थोडी मऊ स्प्रिंग असल्यासारखं वागवायचं. जड वस्तू हलक्या वस्तूवर ठेवली की जी थरथर सुटायची ती यात खूप कमी झाली. आमची न फिरणाऱ्या चाकांची गाडी या इंजिनात बहुधा जागेवरच उभी राहील. इंजिनाच्या बाजूने पाहिलं तर हा निखळ विजय आहे आणि एकाच माणसाने जवळपास दोन दशकं एका प्रश्नाचा असा पिच्छा पुरवावा, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

मोठ्या कंपन्याही याच वाटेवर आल्या. मे २०२३मध्ये निन्टेन्डोने झेल्डा मालिकेतला टिअर्स ऑफ द किंगडम आणला. त्यात फळ्या, चाकं, पंखे, रॉकेटं हवी तशी चिकटवून यंत्रं करता येतात, आणि हलणाऱ्या वस्तू फिजिक्सच्या नियमांनीच हलल्या पाहिजेत असं कर्त्यांनी ठरवलं होतं. खेळणाऱ्यांनी पहिल्याच दिवसांत त्यात असंख्य वाटा शोधल्या. काही कर्त्यांनी ठेवलेल्या होत्या, काही चुकून राहिलेल्या. वस्तू दुप्पट करण्याची एक युक्ती त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीत बंद झाली. फट उघडण्यापासून बुजण्यापर्यंतचं सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं.

मी भाचीला आमच्या थरथरणाऱ्या गाडीची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामा, असं काही सापडलं ना, की संध्याकाळी त्याचा व्हिडिओ येतो आणि पुढच्या अपडेटमध्ये ते निघून जातं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिच्यासाठी तो हवापाण्याचा नियम आहे. मी तिला विचारलं की व्हिडिओ बघायच्या आधी तू स्वतः किती वेळ शोधतेस. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "शोधायला लागण्याआधीच तो समोर येतो." आमच्या आणि तिच्या काळातला खरा फरक मला या उत्तरात दिसतो. तिच्याकडे आमच्याहून चांगली इंजिनं आहेत, जास्त न्याय्य याद्या आहेत, शिकवणारी माणसं जास्त आहेत. आम्हाला आपोआप मिळालेली न कळण्याची रात्र मात्र तिला मुद्दाम राखून ठेवावी लागते.

शोधण्याचं हे काम आता यंत्रंही करतात. १९९४ साली कार्ल सिम्सने संगणकात आभासी प्राणी उत्क्रांत केले होते. सिम्युलेशनमध्ये चूक राहिली तर उत्क्रांती ती हुडकून काढते आणि तिचा फायदा घेते, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. २०१९ साली ओपनएआयच्या संशोधकांनी आभासी बाहुल्यांना लपाछपी शिकवली. शोधणाऱ्या बाहुल्या उताराच्या फळीवरून पेटीवर चढल्या आणि पेटीसकट जमिनीवरून सरकत भिंतीपाशी पोचल्या. आपण पेटीवर उभे असतानाही तिला ढकलता येतं, ही संशोधकांच्या लक्षात न आलेली फट त्यांना असंख्य डाव खेळून सापडली. आमच्या खोलीत जो आरडाओरडा झाला तोच त्या प्रयोगशाळेतही झाला असेल, असं मला वाटतं. फरक एवढाच की बाहुल्यांना आपण काही शोधलं हे कळत नाही. कशावर चालतंय हा प्रश्न विचारायला माणूसच लागतो.

हा प्रश्न मला आजही भाकरी देतो. मी पुण्यात मोटारींच्या धडकेची सिम्युलेशनं करतो. गाडी भिंतीवर आदळते ते सगळं १००-१५० मिलिसेकंदांत आटोपतं. आम्ही त्याचे लाखभर तुकडे करून मोजतो, प्रत्येक तुकडा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा. एवढी बारकाई असूनही फटी असतातच. मॉडेल जुळवताना दोन पत्रे एकमेकांत किंचित रुतलेले राहिले तर धडक सुरू व्हायच्या आतच ते एकमेकांना ढकलू लागतात आणि नसलेलं बळ कागदावर दिसतं. म्हणून उत्तराकडे पाहण्याआधी ऊर्जेचा ताळेबंद पाहायचा, ही या धंद्यातली पहिली शिस्त. नव्याने आलेल्या मुलांना ती शिकवताना मी पडद्यावर दोन रुतलेल्या पट्ट्या ठेवतो आणि त्या कशा उडतात ते दाखवतो. ज्यांनी लहानपणी असे खेळ खेळले आहेत ते लगेच हसतात. त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. सिम्युलेशन म्हणजे माणसाने केलेलं गणित आहे आणि त्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या हाडीमांसी रुजलेलं असतं.

एक गोष्ट मात्र हातातून निसटते आहे. त्या काळचे ब्राउझरमधले खेळ ज्या फ्लॅशवर चालायचे, त्याचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून त्यातले खेळ चालणं बंद झालं. फ्लॅशपॉइंटसारख्या प्रकल्पाने असंख्य खेळ जपले, रफल नावाच्या एम्युलेटरने ते पुन्हा चालू केले, इंटरनेट आर्काइव्हने त्यांना जागा दिली. या स्वयंसेवकांचे उपकार मोठे आहेत. पण फटीवर उभं असलेलं यंत्र जपणं हे खेळ जपण्याहून कठीण आहे. मूळ बॉक्सटूडी ३२ बिटांच्या आकड्यांत मोजायचं. फ्लॅशमधल्या त्याच्या रूपात आकडे ६४ बिटांचे होते. आठव्या-नवव्या अंकातला फरक काही सेकंदांत वाढत वाढत संपूर्ण यंत्राची दिशा बदलतो. म्हणजे खेळ नव्याने, अगदी हुबेहूब, लिहिला तरी लोकांनी २००८मध्ये बांधलेली यंत्रं त्यात चालतीलच असं नाही. ती चालायला चित्र, आवाज, नियम यांच्याबरोबर त्या वेळची चूकही अंकाअंकाने जशीच्या तशी लागते.

माझा निकाल साधा आहे. आजची इंजिनं जास्त खरी आहेत, आजच्या स्पर्धा जास्त प्रामाणिक आहेत आणि हे मला मनापासून हवं आहे. जुन्या काळाकडून घ्यायची गोष्ट एकच: उत्तर कळण्याआधीचा वेळ. तो आपोआप मिळत होता, आता द्यावा लागतो.

म्हणून खेळ करणाऱ्यांना विनंती आहे की ज्या फटीने कुणाचं नुकसान होत नाही ती बुजवण्याआधी दोनदा विचार करा. बुजवलीच तर जुनी आवृत्तीही खेळायला उपलब्ध ठेवा. शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना विनंती आहे की ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना एकदा तो मोडणारं सिम्युलेशनही वर्गात चालवा आणि का मोडला ते मुलांना शोधू द्या. बॉक्सटूडीचा सगळा कोड मोफत आणि उघडा आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि तुमच्या घरात एखादं मूल पूल बांधत बसलं असेल, त्याची गाडी अचानक भिंतीतून आरपार गेली असेल, तर त्याला व्हिडिओ शोधून देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "हे चालतंय कशावर?"